पैसे गेले, पण पोचले का?

डोंबिवली स्थानकाबाहेर सकाळी आठच्या सुमारास वडापावच्या गाडीपाशी पाच मिनिटे उभे राहिले, तर एक छोटासा प्रसंग हमखास पाहायला मिळतो. गाडी पकडण्याच्या घाईत असलेली एक बाई मोबाइलने क्यूआर कोड टिपते, रक्कम घालते, पिन देते आणि फोन गाडीवाल्यापुढे धरते. "काका, गेले बघा पैसे." गाडीवाल्याची नजर फोनकडे नसते. त्याचे कान कोपऱ्यातल्या छोट्या खोक्याकडे असतात, आणि खोके गप्प असते. "ताई, आवाज नाही आला." मागे रांग थांबलेली. "अहो, माझ्या खात्यातून गेलेत!" "गेले असतील, पण मला मिळाले नाहीत ना!"

दोघेही खरे बोलत आहेत. दोघांनाही आपापल्या बाजूचा पुरावा दिसतो आहे. तरीही आवाज चढतो, आणि वीस रुपयांवरून दोन भली माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात.

सुरक्षित डिजिटल व्यवहारांमुळे समाजात विश्वास वाढतो, असे आपण भाषणांत आणि निबंधांत वारंवार ऐकतो. हे विधान खरे आहे का, आणि असल्यास कशामुळे, हे या लेखात तपासून पाहायचे आहे. त्यासाठी वडापावच्या गाडीवरचा हा प्रसंग उत्तम उदाहरण आहे. व्यवहार सुरळीत चालतो तेव्हा विश्वासाची परीक्षाच होत नसते. ती होते खोके गप्प राहिल्यावर.

पैसा म्हणजे नोंद

या व्यवहारात प्रत्यक्षात काय हलले? नोट हलली नाही, नाणेही नाही. एका बँकेच्या वहीत एक आकडा कमी झाला आणि दुसऱ्या बँकेच्या वहीत तेवढाच वाढला, किंवा वाढायला हवा होता. आपल्या खात्यातला पैसा हा मुळात नोंदीच्या रूपातला असतो. ही कल्पना संगणकाबरोबर आली असे अनेकांना वाटते. ती फार जुनी आहे.

कल्याण हे सातवाहनकाळात मोठे बंदर होते. तिथला माल मुरबाडच्या वाटेने नाणेघाट चढून जुन्नरकडे जाई. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीसाठी होता, असे परंपरा सांगते. जकात जागच्या जागी नाण्यांत भरली की व्यवहार संपला. त्यात पुढच्या विश्वासाचा प्रश्न उरत नाही. पण पैसे आज द्यायचे आणि त्याचा लाभ पिढ्यान्‌पिढ्या मिळायला हवा, असे असेल तर काय करायचे?

त्याचे उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यातील शिलालेखात कोरलेले आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने लेण्यातील भिक्षूंच्या चीवरादी गरजांसाठी ३००० कार्षापणे ठेव म्हणून दिली. त्यांतली २००० गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे शेकडा एक व्याजाने, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने ठेवली. हा दर महिन्याचा असावा, असा अर्थ अभ्यासक लावतात. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट होती. आपल्या विषयासाठी महत्त्वाचे वाक्य लेखाच्या शेवटाकडे येते. हा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवला गेला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला गेला, असे त्यात म्हटले आहे.

ज्या समाजात कोष्टी, भिक्षू आणि राजाचा जावई एकमेकांना व्यक्तिशः ओळखत नव्हते, तिथे व्यवहार कशावर टिकला? एकाच्याच हाती नसलेल्या, चार लोकांसमोर झालेल्या आणि वाद निघाल्यास दाखवता येईल अशा नोंदीवर. ओळखीवरचा विश्वास आळीत, भावकीत, भिशीत चालतो. अनोळखी माणसांमध्ये नोंद लागते. डोंबिवली स्थानकावरच्या गर्दीत तर जवळजवळ सगळेच एकमेकांना अनोळखी असतात.

पाच-दहा सेकंदांत काय घडते?

आपल्याकडे मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे यूपीआय. भारतीय राष्ट्रीय भुगतान निगम, म्हणजे एनपीसीआय, या २००८ साली स्थापन झालेल्या संस्थेने ती उभारली. ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते तिची सुरुवात झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये या पद्धतीने एका महिन्यात प्रथमच २००० कोटींहून अधिक व्यवहार झाले.

गाडीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडमध्ये पैसे नसतात, गुपितही नसते. तो फक्त पत्ता असतो. तो टिपल्यावर आपल्या मोबाइलमधून निघालेली विनंती त्या ॲपमागच्या बँकेमार्फत एनपीसीआयच्या केंद्रात पोचते. या केंद्राला आपण टपाल छाननी कार्यालयाची उपमा देऊ. केंद्र पत्त्यावरून घेणाऱ्याची बँक शोधते. मग देणाऱ्याच्या बँकेला सांगते, "या खात्यातून वीस रुपये वजा करा." बँक पिन तपासते, शिल्लक पाहते, रक्कम वजा करते आणि केंद्राला तसे कळवते. केंद्र घेणाऱ्याच्या बँकेला सांगते, "या खात्यात वीस रुपये जमा करा." ती बँक जमा करते आणि तसे कळवते. शेवटी दोन्ही बाजूंना निरोप जातो. बँकांचा आपापसांतला हिशेब दिवसातून अनेकदा एकत्र करून रिझर्व्ह बँकेतील खात्यांमार्फत मिटवला जातो.

गाडीवरचे बोलके खोके हा या साखळीचा सर्वांत शेवटचा दुवा आहे. त्यात स्वतःचे सिमकार्ड असते. पैसे जमा झाल्याचा निरोप गाडीवाल्याच्या ॲप कंपनीकडून त्याला वेगळा पाठवावा लागतो. म्हणजे पैसे पोचूनही खोके गप्प राहू शकते, आणि देणाऱ्याच्या खात्यातून वजा होऊनही ते समोरच्या खात्यात पोचायचे राहिलेले असू शकतात. गाडीवाल्याच्या दृष्टीने दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात, आणि भांडणाचे मूळ इथेच आहे.

दोन सेनापतींचा प्रश्न

"एवढी प्रगती झाली, मग हा घोळ कायमचा का दूर करत नाहीत?" असा प्रश्न विद्यार्थी विचारतीलच. त्याचे उत्तर आश्चर्यकारक आहे. निरोप वाटेत हरवण्याची शक्यता असेल, तर दोन्ही टोकांना एकाच वेळी पूर्ण खात्री देणे तत्त्वतःच अशक्य आहे. यंत्रे कितीही सुधारली तरी ही अडचण जात नाही. १९७५ साली संगणकशास्त्रात मांडला गेलेला हा प्रश्न पुढे 'दोन सेनापतींचा प्रश्न' या नावाने प्रसिद्ध झाला.

दोन टेकड्यांवर एकाच पक्षाच्या दोन तुकड्या आहेत आणि मधल्या दरीत शत्रू आहे. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच विजय, एकट्याने केला तर पराभव. निरोप्याला दरीतूनच जावे लागते आणि तो पकडला जाऊ शकतो. पहिला सेनापती कळवतो, "पहाटे हल्ला." निरोप पोचला की नाही हे त्याला कळत नाही, म्हणून दुसऱ्याने पोच पाठवायला हवी. पण पोच पोचली का, हे दुसऱ्याला कळत नाही. मग पोचेची पोच, आणि तिचीही पोच.

हे कधीच संपत नाही, हे सिद्ध करता येते. समजा, कमीत कमी काही ठरावीक निरोपांत दोघांना खात्री देणारी एक पद्धत आहे. तिच्यातला शेवटचा निरोप घ्या. तो हरवू शकतो, आणि पाठवणाऱ्याला तो हरवला की पोचला हे कळण्याचा मार्ग नाही. तरीही पद्धत यशस्वी व्हायची असेल, तर तो निरोप न पोचताही दोघांनी हल्ला करायला हवा. म्हणजे तो अनावश्यकच होता. तो काढून टाका. आता जो शेवटचा उरला त्यालाही हाच युक्तिवाद लागू होतो. असे करत करत एकही निरोप न पाठवता खात्री मिळते, या निष्कर्षाला आपण येतो. तो उघडच चुकीचा आहे, म्हणून मुळातले गृहीतच चुकीचे ठरते.

मग रोजचे कोट्यवधी व्यवहार चालतात कसे? बँकांनी अशक्य गोष्ट शक्य केलेली नाही. त्यांनी प्रश्न बदलला आहे. सेनापतींना पहाटेच निर्णय हवा असतो. बँका थोडे थांबू शकतात आणि झालेली चूक उलटवू शकतात. या सवलतीचा फायदा त्या तीन नियमांनी घेतात.

पहिला, प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असतो. उत्तर आले नाही तर केंद्र पुन्हा विचारते, "अमुक क्रमांकाच्या व्यवहाराचे काय झाले?" तीच विनंती दोनदा पोचली तरी क्रमांक एकच असल्यामुळे बँक पैसे दोनदा वजा करत नाही.

दुसरा, जमा करणे शक्य झाले नाही तर वजा केलेली रक्कम मूळ खात्यात परत केली जाते. अर्धवट व्यवहार तसाच ठेवायचा नसतो.

तिसरा, या दुरुस्तीला मुदत असते. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा फसलेल्या व्यवहारांसाठी नियम घालून दिले. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराला देताना निश्चिती मिळाली नाही तर पाच दिवसांच्या आत, रक्कम आपोआप परत यावी. त्यापुढे उशीर झाल्यास ग्राहकाला दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळावी, असे त्यांत ठरवण्यात आले.

गाडीवरच्या बाईंना "माझे पैसे बुडणार नाहीत" असा जो भरवसा वाटतो, त्याच्यामागे हे तीन नियम आहेत. चुका होणारच हे मान्य करून दुरुस्तीची सोय आधीच केलेली असते.

कुलूप आणि सही

आतापर्यंत आपण निरोप हरवण्याचा विचार केला. पण कोणी मुद्दाम निरोप बदलला तर? वीसचे दोन हजार केले तर? दुसऱ्याच्या नावाने विनंती पाठवली तर?

पहिली तटबंदी दुहेरी असते. ॲप सुरू करताना ते आपल्या सिमकार्डाशी आणि त्या विशिष्ट फोनशी बांधले जाते. त्याशिवाय आपला चार किंवा सहा अंकी पिन लागतो. फोन ही आपल्याजवळची वस्तू आणि पिन ही आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट. चोराला दोन्ही मिळवावे लागतात. ऑक्टोबर २०२५ पासून छोट्या रकमांसाठी पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहरा वापरण्याचीही सोय झाली. पिन फोनमध्येच कूटलिपीत बदलला जातो आणि त्याच स्वरूपात पुढे जातो.

दुसरी तटबंदी म्हणजे संगणकीय सही. बँका आणि केंद्र यांच्यातील निरोपांवर अशा सह्या असतात. हिचे गणित शाळेतल्या भागाकाराने समजते. मूळ कल्पना अशी की काही क्रिया एका दिशेने सोप्या आणि उलट दिशेने अवघड असतात. ८९ गुणिले ९७ किती, हे आठवीचा विद्यार्थी मिनिटभरात काढतो. पण ८६३३ ही संख्या कोणत्या दोन मूळसंख्यांचा गुणाकार आहे, असे आधी विचारले तर त्याला बराच वेळ लागेल.

या असमानतेवर रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी १९७७ साली एक पद्धत बसवली. तिचे बाळरूप पाहू. ३ आणि ११ या मूळसंख्या घेऊ. त्यांचा गुणाकार ३३. प्रत्येकीतून एक वजा करून गुणाकार केला तर २ × १० = २०. आता अशा दोन संख्या हव्यात की त्यांच्या गुणाकाराला २० ने भागल्यावर बाकी १ उरेल. ३ आणि ७ चालतील, कारण ३ × ७ = २१. बँक ३३ आणि ३ या संख्या जाहीर करते आणि ७ गुप्त ठेवते.

समजा, बँकेला '४' हा निरोप सही करून पाठवायचा आहे. ती ४ चा सातवा घात काढते, म्हणजे १६३८४. त्याला ३३ ने भागल्यावर बाकी उरते १६. ही तिची सही. निरोप जातो, "४, सही १६". आता कोणीही तपासून पाहावे. १६ चा घन ४०९६. त्याला ३३ ने भागले तर बाकी ४. निरोपाशी जुळते, म्हणून सही खरी. वाटेत कोणी ४ चे ५ केले तर तपासणीत ४ येईल, ५ येणार नाही, आणि लबाडी उघड होईल. ५ साठी योग्य सही बनवायची तर गुप्त ७ हवा, आणि तो काढायचा तर ३३ चे अवयव पाडावे लागतील. ३३ चे अवयव आपण तोंडी सांगू. पण प्रत्यक्षात ही संख्या सहसा ६०० हून अधिक अंकांची असते. २०२० साली संशोधकांनी अशा प्रकारची एक २५० अंकी संख्या फोडली. तेव्हा लागलेले गणित संगणकाच्या एकाच प्रक्रियकाने करायचे ठरवले असते, तर सुमारे २७०० वर्षे गेली असती. पुढील काळात क्वांटम संगणक हे काम सोपे करतील ही शक्यता लक्षात घेऊन वेगळ्या गणितावर आधारलेल्या नव्या पद्धती आतापासूनच तयार केल्या जात आहेत.

सहीचा आणखी एक गुण आहे. ती जुळली की पाठवणाऱ्याला "मी पाठवलेच नाही" असे म्हणता येत नाही. नाशिकच्या फलकाचे काम इथे मूळसंख्या करतात.

कुलूप मजबूत, पण दार उघडले कोणी?

इतके असूनही फसवणुकीच्या बातम्या रोज येतात. त्यांत गणित फोडल्याचे प्रकार क्वचित, माणसाला फसवल्याचेच जास्त. "तुम्हाला पैसे पाठवतो, पिन टाका" हा त्यांतला जुना प्रकार. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो लागतो देण्यासाठी. एका व्यक्तीने दुसऱ्याकडे पैशांची मागणी पाठवण्याची जी सोय यूपीआयमध्ये होती, तिचा असा गैरवापर होऊ लागल्यामुळे ऑक्टोबर २०२५ पासून ती बंद करण्यात आली. दुकानदाराच्या क्यूआर कोडवर स्वतःचा कोड चिकटवणे, पैसे गेल्याचे खोटे चित्र दाखवणे, पोलीस असल्याचे भासवून 'डिजिटल अटक' केल्याची भीती घालणे, हे त्याचेच भाऊबंद. अटकेची अशी कोणतीही पद्धत कायद्यात नाही.

या सगळ्यांत चोर विश्वासाचाच वापर करतो. म्हणून "डिजिटल व्यवहारांवर विश्वास ठेवा" एवढेच विद्यार्थ्यांना सांगणे अपुरे आहे, आणि घातकही. विश्वास कशावर ठेवायचा हे सांगायला हवे. समोरच्याच्या फोनवरील चित्रावर ठेवू नये. आपल्या खात्यातील नोंदीवर ठेवावा. गाडीवाला फोनकडे न पाहता खोक्याकडे कान देतो, ते या दृष्टीने योग्यच आहे. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता आले तरच ते परत मिळण्याची आशा असते, त्यामुळे इथे एकेक तास मोलाचा ठरतो.

धसईचा धडा

आता स्थानकावरून निघून कल्याण-मुरबाड रस्त्याने ठाणे जिल्ह्यातल्याच धसई या गावी जाऊ. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. त्यानंतर महिनाभरातच, १ डिसेंबर २०१६ रोजी, धसई हे महाराष्ट्रातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाने पुढाकार घेतला, बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्डाची यंत्रे दिली, आणि राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी उद्घाटन केले. आजूबाजूच्या खेड्यापाड्यांची बाजारपेठ असलेल्या या गावात वडापावसुद्धा कार्डावर मिळू लागला, याचे सर्वत्र कौतुक झाले.

पण नोटा पुन्हा मिळू लागल्या तसे बहुतेक व्यवहार रोखीवर परतले. यात धसईच्या लोकांचा दोष मानू नये. त्यांनी प्रयोग मनापासून करून पाहिला, आणि प्रयोगाचे उत्तर अपेक्षेहून वेगळे आले तरी ते उत्तरच असते. कार्डाच्या यंत्राला वीज लागते, नेटवर्क लागते, दुकानदाराला त्याचा खर्च असतो, आणि गिऱ्हाइकाजवळ कार्ड असावे लागते. आठवड्याच्या बाजारासाठी पाड्यावरून दहा किलोमीटर चालत आलेल्या माणसाला यंत्र बंद दिसले, तर पुढच्या खेपेला तो नोटाच घेऊन येईल. त्याचा हिशेब चोख आहे. ज्याचे दोनशे रुपये म्हणजे दिवसाची मजुरी, त्याला "पाच दिवसांत परत येतील" हे उत्तर परवडत नाही. डोंबिवलीतल्या नोकरदाराला परवडते. एकच तांत्रिक चूक दोघांच्या आयुष्यात वेगळ्या वजनाने पडते.

पुढे काही गोष्टी बदलल्या. यंत्राच्या जागी छापील क्यूआर कोड आला. जानेवारी २०२० पासून यूपीआयने पैसे घेण्यासाठी दुकानदाराकडून शुल्क घेणे बंद झाले. मार्च २०२२ मध्ये साध्या फोनवरूनही पैसे पाठवण्याची सोय सुरू झाली. एखाद्या उद्घाटनाने जे टिकले नाही, ते खर्च आणि अडचण कमी झाल्यावर गावोगावी आपोआप पसरू लागले. तरीही यंत्रणा अधूनमधून बंद पडते, नेटवर्क जाते, म्हणून रोख रक्कम हा पर्याय उरायला हवा. दुसरा मार्ग खुला असला की माणूस नवा मार्ग निर्धास्तपणे वापरून पाहतो.

मग सलोखा वाढतो का?

कल्याण-डोंबिवलीत शेअर रिक्षाने जाणाऱ्यांना सुट्या पैशांवरून होणाऱ्या कुरबुरी ठाऊक आहेत. त्या बऱ्याच कमी झाल्या, हा अनुभव अनेकांचा असेल. याहून मोठी गोष्ट आहे ती नोंदीची. मजुरी खात्यात जमा होत असेल, तर "दिली" आणि "मिळाली नाही" या वादात मजुराजवळही मालकाइतकाच पुरावा असतो. एरवी असे वाद आवाजाच्या किंवा ओळखीच्या जोरावर मिटत आणि दुबळा गप्प बसे. ज्या अर्थाने न्यायालय किंवा वजनकाटा समाजात शांतता राखतात, त्या मर्यादित अर्थाने नोंदही राखते.

मात्र ही नोंद फुकट मिळत नाही. आपण कुठे, कधी, कोणाला किती दिले याचा माग राहतो, आणि तो कोणाच्या हाती असावा हा गंभीर प्रश्न आहे. घरखर्चातून चार पैसे बाजूला ठेवणाऱ्या बाईला डब्यातली बचत जेवढी स्वतःची वाटते, तेवढी नवऱ्याच्या फोनवर दिसणारी वाटणार नाही. यंत्रणेने सामान्य माणसाची नोंद ठेवावी आणि स्वतः मात्र तक्रारीला उत्तर देऊ नये, असे झाले तर विश्वास वाढण्याऐवजी धाकच वाढेल. म्हणून तक्रारीला मुदतीत उत्तर देणारा माणूस हा या यंत्रणेचा कूटलेखनाइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

दोन विद्यार्थ्यांना वर्गाच्या दाराच्या आत-बाहेर, एकमेकांना दिसणार नाहीत असे उभे करा. एक 'देणारी बँक', दुसरी 'घेणारी बँक'. प्रत्येकाजवळ वही. तिसरा विद्यार्थी निरोप्या. निरोप्याने चिठ्ठी नेण्याआधी नाणे उडवावे. छापा आला तर चिठ्ठी पोचवावी, काटा आला तर खिशात घालावी आणि कोणाला सांगू नये. "वीस वजा केले, वीस जमा करा" असे दहा व्यवहार करा आणि शेवटी वह्या ताडून पाहा. आकडे बहुधा जुळणार नाहीत.

आता तीन नियम लावा. प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक घाला. पोच येईपर्यंत तीच चिठ्ठी पुन्हा पाठवा, पण एकाच क्रमांकाची नोंद दोनदा करू नका. तास संपताना दोन्ही वह्या शिक्षकांनी समोरासमोर ठेवून ज्या क्रमांकाची जमा नाही त्याची वजाही खोडावी. निरोप्या तोच, नाणेही तेच, पण आता वह्या जुळतील. निरोप्या सुधारल्याशिवाय विश्वास कसा आला, यावर मुलांना बोलू द्या.

आणि स्थानकावरच्या प्रसंगाचे काय? पुढच्या वेळी खोके गप्प राहिले तर बाईंनी पुन्हा पिन टाकू नये, आवाजही चढवू नये. व्यवहार उघडून त्याखालचा क्रमांक काकांना दाखवावा. काकांनी तो वहीच्या कोपऱ्यात टिपून ठेवावा आणि दुपारी आपल्या खात्यात पाहावे. जमा असतील तर प्रश्न मिटला. नसतील तर ते पैसे बाईंच्या खात्यात परत येतील, आणि दुसऱ्या दिवशी त्या वीस रुपये देतील. रोज त्याच गाडीने जाणाऱ्या माणसांत एवढे होऊ शकते. ज्यांना पुन्हा कधी भेटायचे नाही, त्यांच्यासाठी तो क्रमांक आहे.